जुन्या रॅले रोड सायकलची किंमत कशी ठरवू?

मामांची वाकड्या हँडलची रॅले विकायची आहे. हेडबॅजवर (हँडलखालच्या कंपनीच्या बिल्ल्यावर) नॉटिंगहॅम आहे, म्हणजे इंग्लंडची; आसनसोलला बनणारी देशी सेन-रॅले नव्हे. मागच्या चाकाच्या स्टर्मी-आर्चर गिअर-हबवर ‘एडब्ल्यू’ (तीन गिअरचं मॉडेल) आणि ‘५८’ कोरलंय, म्हणजे हब तरी १९५८चं (चाक नंतर बदललं असेल तर गोष्ट वेगळी). फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१चं (हलक्या, चांगल्या पोलादी नळ्यांचं) अर्धं स्टिकर शिल्लक. ब्रूक्सची कातडी सीट नाकाशी तडकलीय, पुढचा मडगार्ड देशी. रंग मूळचाच, मी पॉलिशचा बोळाही लावलेला नाही.

रविवार कारंजाजवळच्या सायकलवाल्यानं थेट भंगाराचा भाव सांगितला! ईबेवर विकल्या गेलेल्यांचे भाव पाहिले, पण ते पौंडांत आणि तिकडच्या गिऱ्हाइकाचे. बाहेर पाठवणार नाही, नाशिक-पुण्यातच द्यायची आहे.

इकडे अशी सायकल प्रत्यक्ष कितीला गेलेली पाहिलीय? आणि सीट बदलून विकू की आहे तशीच?