एकच लेख १६ पत्त्यांवर उघडतोय आणि सर्चमध्ये प्रिंटवालं पान येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर माझी एक वेबसाइट आहे. चार वर्षं झाली, १६० च्या आसपास लेख आहेत, सगळे मी स्वतः मशीन उघडून, एकेक स्क्रू काढत, फोटो घेत लिहिलेत. त्यातला "वरचा दोरा सारखा तुटतो" हा लेख सगळ्यात जास्त वाचला जायचा आणि नेमका तोच अडचणीत आलाय.

झालं असं की गेल्या महिन्यात एका वाचकाची मेल आली, "दुसऱ्या फोटोत दाखवल्याप्रमाणे दोरा ओवा असं लिहिलंय पण फोटोच नाहीये". मला वाटलं फोटो उडाला असेल, जाऊन बघितलं तर लेख व्यवस्थित, बाराही फोटो जागेवर. मग त्यांनी पाठवलेली लिंक उघडली तेव्हा उलगडा झाला, ते माझ्या लेखाच्या प्रिंटवाल्या पानावर पोचले होते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, प्रिंट बरोबर एक असं लागतं ना, ते. तिथे ना फोटो ना मेनू, नुसता मजकूर. गूगलवर शोधलं तर खरंच तेच पान वर येतंय आणि खरा लेख कुठेच नाही. दोरा कुठून कसा ओवायचा हे फोटोशिवाय नाही हो कळत, माणूस मशीन उघडून बसलेला असतो आणि तसाच परत जातो, मला याचं फार वाईट वाटतं.

मग नीट शोधत बसले तर लक्षात आलं की लेख डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडतो आणि न लावताही, शेवटी स्लॅश दिला तरी आणि नाही दिला तरी, शिवाय मी तो 'सुई' आणि 'दोरा' अशा दोन विभागांत टाकलाय म्हणून दोन्ही विभागांच्या नावाने वेगळा पत्ता, आणि यातल्या प्रत्येकाचं परत प्रिंटवालं पान. हिशोब केला तर १६ पत्ते होतात. एका लेखाचे! सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलचं अहवाल देणारं साधन) इंडेक्स झालेली, म्हणजे गूगलच्या यादीत आलेली पानं १७० आणि न झालेली हजाराच्या वर, आणि त्यातली सातशेहून जास्त "डुप्लिकेट विदाऊट युजर-सिलेक्टेड कॅनॉनिकल" या शीर्षकाखाली, म्हणजे एकसारखी पानं, पण त्यातलं मुख्य (कॅनॉनिकल) कोणतं ते मी सांगितलेलं नाही.

मी काय केलं तर रोबॉट्स फाइलमध्ये (कुठली पानं वाचू नका हे सर्च इंजिनला सांगणारी फाइल) सगळी प्रिंटवाली पानं ब्लॉक केली. तीन आठवडे झाले. पत्ता अजून दिसतोच आहे, फक्त खाली वर्णनाच्या जागी या पानाची माहिती उपलब्ध नाही असं येतं. म्हणजे आधीपेक्षा वाईट.

साइट वर्डप्रेसवर नाही, ओळखीतल्या एकाने हाताने पीएचपीत करून दिली होती, तो आता या कामात नाही. होस्टिंगचं लॉगिन माझ्याकडे आहे, हेडरची फाइल कुठली ते माहितीये, काय लिहायचं ते सांगितलं तर मी करू शकते.

विचारायचं हे की मला गूगलची पेनल्टी, म्हणजे शिक्षा लागलीय का? सगळ्या जादा पानांना नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये दाखवू नका अशी सूचना) लावून टाकू का? अजून दोन गोष्टी आहेत, "खालून दोऱ्याचा गुंता होतो" हा लेख मी आठ वेगवेगळ्या मॉडेलसाठी आठ वेळा टाकलाय, मॉडेलचं नाव आणि एखादा फोटो सोडला तर मजकूर तोच. आणि सुट्या भागांची ४५ पानं आहेत त्यात कंपनीने दिलेलं वर्णन जसंच्या तसं आहे. एका ठिकाणी वाचलं की ३० टक्क्यांच्या वर मजकूर जुळला की साइट खाली ढकलतात, तेव्हापासून झोप उडालीय.

प्रतिसाद १

आधी पेनल्टीचं भूत उतरवा. साध्या डुप्लिकेट मजकुराला पेनल्टी वगैरे नसते हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट लिहिलंय. मुद्दाम फसवायला, दुसऱ्यांचं ढापून पानांची रास घातली तर गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत गूगलला एकसारखी १६ पानं दिसली, त्याने त्यातलं एक निवडलं आणि बाकीची बाजूला ठेवली. दुर्दैवाने निवडलं ते नेमकं प्रिंटवालं. आणि ३० टक्के की ४० टक्के असा कुठलाही ठरावीक आकडा गूगलने दिलेला नाही, ते डोक्यातून काढून टाका.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण पेनल्टी नाही म्हणून नुकसान नाही असं नव्हे. कोणी तुमच्या लेखाची लिंक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाली दिली, कोणी विभागवाली, कोणी प्रिंटवाली, तर त्या लिंकांचं वजन विभागलं जाऊ शकतं आणि क्रॉलरचा, म्हणजे गूगलच्या पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामचा, वेळ तीच तीच पानं वाचण्यात जातो, नवीन लेख मागे राहतो.

सगळ्यात आधी तो रोबॉट्सचा ब्लॉक काढा. ही चूक बहुतेक सगळे करतात. ब्लॉक केलं की क्रॉलर पान उघडू शकत नाही, पण पत्ता त्याला आधीपासून माहीत असतो, म्हणून तो नुसता पत्ता दाखवत राहतो. आणि आता तुम्ही आत कॅनॉनिकल लावा नाहीतर नोइंडेक्स लावा, दार बंद असल्यावर आतली पाटी वाचणार कोण.

मग एका कागदावर ठरवा की प्रत्येक लेखाचा खरा पत्ता कोणता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हवं की नको, स्लॅश हवा की नको, यात चूक-बरोबर काही नाही, एक धरा आणि तेच चालवा. विभागाचं नाव मात्र पत्त्यातून काढूनच टाका, लेख चार विभागांत दिसू दे पण त्याचा पत्ता एकच. बाकीच्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (पान कायमचं हलवलं असं सांगून आपोआप खऱ्या पत्त्यावर नेणं), तोही एकाच उडीत, आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढला मग स्लॅश लावला मग विभाग काढला अशी साखळी करू नका. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा, कायमचे ठेवले तर उत्तमच.

आणि प्रत्येक पानाच्या हेड भागात (कोडच्या सुरुवातीचा, वाचकाला न दिसणारा भाग) कॅनॉनिकल टॅग, म्हणजे खरा पत्ता हा असं सांगणारी ओळ, त्यात पूर्ण पत्ता, एचटीटीपीएसपासून. खऱ्या पानावरसुद्धा स्वतःकडेच बोट दाखवणारा टॅग लावा, म्हणजे कोणी ट्रॅकिंगची शेपटी जोडून लिंक शेअर केली तरी गोंधळ नको. हा टॅग २००९ च्या फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून आणला, पण लक्षात घ्या, तो हुकूम नाही, इशारा आहे. तुमचा टॅग एक सांगतोय, साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पानांची सर्च इंजिनला दिलेली यादी) दुसराच पत्ता आणि मेनूतल्या लिंका तिसरीकडे जातायत असं असेल तर गूगल स्वतःच्या मनाने ठरवतं. म्हणून साइटमॅप आणि आतल्या सगळ्या लिंका त्याच एका पत्त्यावर न्या. हे काम कंटाळवाणं आहे पण खरा फरक यानेच पडतो.

नोइंडेक्स सरसकट लावू नका. त्याने पान निघून जातं पण त्याचं वजन खऱ्या पानाकडे वळवा असं काही सांगितलं जात नाही.

प्रतिसाद ३

प्रिंटवाली पानं ठेवायचीच कशाला? सीएसएसमध्ये (पान कसं दिसेल ते ठरवणारा कोड) प्रिंटसाठी वेगळे नियम लिहिता येतात, छापताना मेनू आणि साइडबार लपवायचा, बस. पत्ता तोच राहतो, आणि फोटोही छापून येतील, जे तुमच्या वाचकांना हवेच आहेत. जुन्या प्रिंट पत्त्यांवरून मूळ लेखावर ३०१.

लेखांच्या याद्या पान १, पान २ अशा असतील तर पान २ चं कॅनॉनिकल पान १ कडे नेऊ नका, ती डुप्लिकेट नाहीत, त्यावर वेगळे लेख असतात.

अजून एक, लेखांना विषयाप्रमाणे लावलेले टॅग (कॅनॉनिकलवाला नव्हे) तपासा. मराठीत "ऱ्य" दोन तऱ्हेने टाइप होतो, कीबोर्डप्रमाणे आतले कोड वेगळे पडतात आणि डोळ्याला दिसायला जवळपास तेच. माझ्या साइटवर "दुसऱ्या" या एकाच शब्दाची दोन टॅग पानं तयार झाली होती, दोन्हीवर निम्मे निम्मे लेख, आणि मी वर्षभर बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

धागालेखक

फार फार आभार! ब्लॉक आत्ताच काढला. प्रिंटचं सुचलंच नव्हतं, तेच करते. ते आठ मॉडेलचे लेख आणि कंपनीचं वर्णन यावर कोणी बोलेल का? एक जण म्हणाले शब्द बदलून देणारं टूल वापरा.

प्रतिसाद ४

टूल अजिबात नको ताई. शब्द बदलले तरी सांगायचं तेच राहतं आणि भाषा बिघडते ती वेगळीच. आठ लेखांचा एकच दणदणीत लेख करा, गुंता का होतो ते एकदाच नीट सांगा आणि खाली मॉडेलप्रमाणे जो फरक आहे तेवढाच लिहा, बॉबिन उभी बसते की आडवी, टेन्शनचा स्क्रू कुठे आहे, असं. मग उरलेल्या सातांवरून त्या लेखावर ३०१. सगळं उचलून मुखपृष्ठावर नेऊ नका, वाचकालाही कळत नाही आणि गूगलही त्याला पान सापडलं नाही असंच धरू शकतं.

कंपनीचं वर्णन शंभर दुकानांत तेच असणार, त्यात तुमचं पान का दाखवावं? पेनल्टीचा प्रश्न नाही, पण वर यायला कारण नाही. ४५ पानं एका दमात नका करू. ज्या भागांबद्दल तुमच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं आहे ती आधी घ्या, म्हणजे हा भाग झिजला की मशीन कसा आवाज करतं, बसवताना काय चुकतं. हे कंपनीच्या कागदावर कधीच नसतं आणि तुमच्याकडे नक्की आहे.

धागालेखक

सात आठवड्यांनी लिहितेय. रीडायरेक्ट झाले, प्रिंट पानं गेली, साइटमॅप नव्याने केला. पण मध्ये एक घोळ झाला तो सांगते, कोणाला उपयोगी पडेल. कॅनॉनिकल लावूनही पंधरा दिवस सर्च कन्सोल म्हणत होतं की युजरने कॅनॉनिकल दिलेलंच नाही. सोर्समध्ये तर टॅग दिसत होता! शेवटी कळलं की हेड भागात त्याच्या वर एक चित्राचा टॅग होता, जुन्या व्हिजिटर काउंटरचा. चित्र हेडमध्ये चालत नाही, ते आलं की ब्राउझर हेड तिथेच संपलं असं समजतो आणि पुढचं सगळं बॉडीत जातं, आणि बॉडीतला कॅनॉनिकल धरत नाहीत. ती एक ओळ उडवली, त्या पानाची परत तपासणी मागितली, मग टॅग दिसायला लागला.

आता "वरचा दोरा सारखा तुटतो" शोधल्यावर खरा लेख येतो, फोटोंसकट. त्या वाचकांनाही कळवलं.

एकच शंका उरलीय. "टाके सुटतात" आणि "सुई चुकीची बसली तर" या दोन लेखांपैकी दुसऱ्यावर "गूगलने वेगळं कॅनॉनिकल निवडलं" असं येतंय, दोन्हीसाठी पहिलाच धरलाय. वाचून बघितलं तर दुसऱ्याचा निम्मा मजकूर मी पहिल्यातूनच उचललेला. एकत्र करू की वेगळे लिहू?

प्रतिसाद २

सुई कशी निवडायची, कुठल्या कापडाला कुठला नंबर, याचं तुमच्याकडे पुरेसं लिहिण्यासारखं असेल तर वेगळाच ठेवा आणि टाक्यांचा भाग त्यातून पूर्ण काढा, तिथे पहिल्या लेखाची लिंक द्या. नसेल तर एकत्र.

धागालेखक

आहे ना, सुईच्या नंबरांवर तर वहीभर टिपणं पडलीयत. वेगळाच करते. आज सुयांचे फोटो काढायला घेतलेत, टोकाचा फरक दिसेल इतक्या जवळून.