पायूट लोकांच्या पवित्र डोंगरावर जिओकॅशिंग : नर्मदेचा गोटा डबीत ठेवावा का?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता यायचा नाही.

मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते. वय ६३. मुलगा-सून लास व्हेगासला असतात, नातू नऊ वर्षांचा. मेअखेरीस दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे चालले आहे. दिवाळीत ते इथे आले होते तेव्हा नातवानं मला जिओकॅशिंग शिकवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणीतरी एक डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोन घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवायची. डबीत बारीकसारीक वस्तू असतात. त्यातली एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. नातवानं माझ्या मिसळणाच्या डब्यातली वाटी जास्वंदीच्या कुंडीमागे लपवून मला आकडे दिले होते. फोनचा बाण फाटकापाशी दाखवत होता, वाटी निघाली बारा पावलांवर! तेव्हापासून मला या खेळाची खरोखर गोडी लागली.

आता सुनेनं माझ्यासाठी लास व्हेगासजवळच्या माउंट चार्ल्सटन या डोंगरावरची सहल आखली आहे. सोबत कुणी गाइड नाही. आपली आपण चालायची वाट आणि वाटेत पाच ठिकाणं शोधायची. त्याबद्दल वाचताना कळलं की हा डोंगर नुवुवी, म्हणजे दक्षिणेकडच्या पायूट लोकांचा, पवित्र डोंगर आहे. त्यांच्या भाषेत तो ‘नुवागांतू’, बर्फ जिथे बसतं ती जागा. त्यांचा जन्मच तिथला, अशी त्यांची श्रद्धा.

हे वाचल्यापासून मन घुटमळतंय. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सासूबाईंबरोबर ओंकारेश्वरला जायची. मांधाता बेटाची सात किलोमीटरची परिक्रमा अनवाणी, डोंगर उजव्या हाताला ठेवून. सासूबाई वाटेवरचं साधं पानही तोडू द्यायच्या नाहीत. त्या डोंगरावर कुणी डबी शोधत दगड उलथेपालथे करताना दिसला असता, तर त्यांनी त्याला काय सुनावलं असतं ते मला पुरतं ठाऊक आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खेळासाठी अशा डोंगरावर जावं का? आणि दुसरी, मनाच्या जास्त जवळची. सासूबाईंनी दिलेला नर्मदेचा एक छोटा गोटा माझ्याकडे आहे, अंगठ्याच्या पेराएवढा, मधोमध पांढरी रेघ असलेला. देवाच्या डोंगरावर रिकाम्या हातानं जायचं नाही, हे अंगात मुरलेलं. तो एखाद्या डबीत ठेवावा असं फार मनात आहे. योग्य होईल का?

*

मूळचा_रामबागचा

काकू, नमस्कार. बालपण इंदूरच्या रामबागेत गेलं, आता लास व्हेगासशेजारच्या हेंडरसनला असतो. हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाच डोंगर पांढरा दिसतो. अकरा वर्षं त्याच्या वाटांवर चालतोय आणि डब्याही शोधतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

जा. जरूर जा. पण आधी व्हिजिटर गेटवेला, म्हणजे पायवाटांच्या आधीच्या माहिती केंद्रापाशी, थांबा. तिथे ‘सेव्हन स्टोन्स प्लाझा’ आहे, नुवुवींच्या सात गटांच्या मानार्थ उभ्या केलेल्या सात शिळा. येणाऱ्याला कळावं की हे कुणाचं घर आहे, म्हणूनच त्या उभ्या आहेत. नातवाला आधी तिथे न्या, डब्या नंतर. शेजारीच १९५५ साली याच डोंगरावर विमान कोसळून गेलेल्या चौदा जणांचं स्मारक आहे. ते लोक यू-२ या अमेरिकेच्या हेरगिरीच्या विमानाच्या गुप्त कामावरचे, त्यामुळे कितीतरी वर्षं त्यांच्या घरच्यांना खरं कारण सांगितलेलं नव्हतं. तिथेही दोन मिनिटं उभे राहा.

हे लोक पुस्तकातले नाहीत, हे नातवाला आवर्जून सांगा. लास व्हेगासच्या पायूटांना १९११ साली हेलन स्ट्युअर्ट नावाच्या बाईंकडून गावात अवघी दहा एकर जागा मिळाली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं शहराच्या वायव्येला आणखी सुमारे ३,८०० एकर दिली. तुमची गाडी डोंगराकडे वळेल तिथून ती जवळच आहे. त्या वस्तीचं नावच ‘स्नो माउंटन’. यांच्याकडे माणूस गेल्यावर सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत ‘सॉल्ट साँग्ज’ गातात. त्या गाण्यांतून गेलेला जीव आपल्या मुलखातल्या डोंगर-झऱ्यांवरून शेवटचा प्रवास करतो. नकाशावर आपल्याला वाट दिसते, त्यांना त्याच जागी गाण्याचं कडवं आठवत असेल. हे कळल्यापासून मी तिथे मोठ्यानं बोलतसुद्धा नाही.

लांडगा आणि कोयोट (तिकडचा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) यांच्या त्यांच्या फार जुन्या गोष्टी आहेत, याच डोंगरावरच्या. पण त्या हिवाळ्यातच सांगायचा रिवाज आहे, म्हणून इथे सांगत नाही.

आता गोट्याचं. काकू, तो ठेवू नका. मनापासून सांगतो. आपल्याकडे नर्मदेच्या बाणाला, म्हणजे नदीत मिळणाऱ्या गुळगुळीत शिवलिंगाला, प्राणप्रतिष्ठा लागत नाही म्हणतात, तो मुळातच देव. म्हणजे तो तिथे ठेवला की दुसऱ्याच्या देवघरात त्यांना न विचारता आपला देव बसवल्यासारखं झालं. आणि डबी ही काही देवळी नव्हे. एकदा एका डबीत मला पितळेचा गणपती सापडला होता, बोटभर उंचीचा. रबरी साप, किल्लीची कडी आणि चिकट झालेल्या स्टिकरांखाली आडवा पडलेला. कुणीतरी तुमच्यासारख्याच भावनेनं ठेवला असणार. मला तो तसा बघवेना. त्याच्या जागी नवी पेन्सिल ठेवून मी त्याला घरी आणला, अजून माझ्या देवघरात आहे.

उलट दिशेनंही तेच. तिथला दगड, पिन्यॉन नावाच्या पाइन झाडाचं बोंड, काही म्हणजे काही आणू नका. पिन्यॉनच्या बिया ही नुवुवींची पिढ्यान्‌पिढ्यांची बेगमी आहे. आणि जुनं काही दिसलं, दगडी पात्याचा तुकडा किंवा काळवंडलेली चूल, तर हातही लावायचा नाही. सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू उचलणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

सुनेची यादी एकदा पुन्हा तपासा. या डोंगराचा बराच भाग वाइल्डरनेस म्हणून राखीव आहे आणि तिथे डब्या लपवायला सहसा परवानगी नसते. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसानं काइल कॅनियन या डोंगरातल्या दरीच्या वाटा पार वाहून नेल्या होत्या. निघायच्या आधी फॉरेस्ट सर्व्हिसकडून कुठली वाट उघडी आहे ते विचारा. यादीत ‘अर्थकॅश’ असतील तर त्यांना पहिलं स्थान द्या. त्यात डबी नसतेच. जागेवर जाऊन खडक नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. २००४ पासून हा प्रकार चालू आहे आणि अशा डोंगराला तोच शोभतो.

*

मांधाता४५

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. मी खंडव्याचा, पंचेचाळीस वर्षं ओंकारपर्वताला फेरी घालतोय. वाटेवर लोक दगडावर दगड रचून घर मागतात. त्यात निदान मागणं तरी देवाकडे असतं. खेळायला डोंगर कमी आहेत का? ज्यांचं क्षेत्र आहे त्यांनी बोलावलं तर जावं, नाहीतर पायथ्याशी हात जोडून परतावं. नातवाला तेवढं शिकवलंत तरी पुष्कळ.

*

मूळचा_रामबागचा

दादा, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण पायथ्याशी हात जोडून परतलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला डोंगर आठवणार नाही, राग आठवेल. वाटेवरून चालला, शिळा बघितल्या, खडकाला प्रश्न विचारला, तर तो पुढच्या वेळी स्वतःहून हळू पाऊल टाकेल. दगड रचण्याचं मात्र बरं झालं तुम्ही काढलंत. काकू, वाटेवर दगडांच्या उतरंडी दिसतील. त्यात भर घालू नका, त्या मोडूही नका. कित्येकदा त्या वाट दाखवायला असतात.

*

छप्पन_दुकान

काकू, मी इंदूरचीच, गिर्यारोहण करते. थोडं कामाचं. इंदूर साडेपाचशे मीटरवर, लास व्हेगासही साधारण तेवढंच, आणि त्या वाटा सुरू होतात तेच दोन हजार मीटरच्या वर. पहिल्या अर्ध्या तासात धाप लागेल. घाबरू नका, सावकाश चाला, पाणी घोटघोट पीत राहा. जूनमध्ये व्हेगासला चाळीस अंश असलं तरी वर स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात, तेव्हा सकाळीच जाऊन या.

नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही. उंच कड्यांच्या मध्ये उपग्रहाचे संकेत आदळून परततात, त्यामुळे बाण दहा-वीस मीटर सहज चुकतो. अशा वेळी बाणाच्या मागे झुडपांत शिरू नका. वाटेवरच उभं राहून डोळ्यांनी शोधा. तिथे एक छोटं निळं फुलपाखरू आहे, जगात फक्त याच डोंगररांगेत. २०१३ मध्ये ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं. ज्या रोपांवर ते अंडी घालतं ती मोकळ्या माळावर, आपल्या बुटांखाली येतील अशीच असतात.

*

रेवाकाठ

परवाच परत आले. ज्यांनी एवढ्या आपुलकीनं लिहिलं त्यांना काय झालं ते कळवायलाच हवं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. आधी सात शिळांपाशी. नातवानं आपण होऊन टोपी काढली, मी काही सांगितलं नव्हतं. मी चपला काढायला लागले तर सून म्हणाली, आई, खडे टोचतील. तरी काढल्या. खडे टोचलेच, ओंकारेश्वरला टोचतात तसेच.

पाचातली एक जागा राखीव भागात निघाली, ती सुनेनं आदल्या रात्रीच खोडली. पहिली डबी नातवाला एका बुंध्याच्या खोबणीत मिळाली, वहीत त्यानं माझं नाव मराठीत लिहायला लावलं. दुसरीचं झाकण तडकलेलं, आत पाणी, वहीचा लगदा. वाळवायचा प्रयत्न केला, मग सुनेनं मालकाला संदेश पाठवला. तिसरीसाठी बाण वाट सोडून माळावर जात होता. बारीक फुलं होती, जमिनीलगत. नातू दोन पावलं आत गेला आणि मीच ओरडले. मोठ्यानं बोलायचं नाही हे लक्षात असूनही. फुलपाखराचं सांगितल्यावर तो तिथल्या तिथे थिजला आणि स्वतःच्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे आला. ‘सापडली नाही’ अशी नोंद केली. त्याची ती पहिली न सापडलेली. गाडीत बसेपर्यंत गप्प होता.

चौथी जागा अर्थकॅश. रामबागकर, तुमचे आभार कसे मानू! चुनखडीचा खडक, आणि त्यात समुद्रातल्या जिवांचे ठसे. मी त्यावर तळहात ठेवला. आजूबाजूला रखरखीत वाळवंट, आपण इतक्या उंचावर, आणि बोटांखाली समुद्र. नातवानं विचारलं, आजी, हे शिवना नदीतल्यासारखे शिंपले का? (माझं माहेर मंदसोरचं, लहानपणी मी शिवनेत शिंपले वेचायची हे त्याला तोंडपाठ आहे.) मी म्हटलं, त्याहून फार फार जुने. प्रश्नांची उत्तरं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिथेच होतो.

मांधाता दादा, तुमचं वाक्य सबंध वाटभर माझ्या कानात होतं. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या जागेवर वाटलं की आपण यायला नको होतं. चौथ्या जागेवर तसं वाटलं नाही.

गोटा पदराच्या गाठीत होता. वर जाऊन आला, पण गाठ मी सोडली नाही. आता पुन्हा देवघरात, सासूबाईंच्या फोटोपुढे आहे. त्यांच्या नातसुनेनं न विचारता यादीतली एक जागा खोडली हेही त्यांना सांगितलं.

नातू डिसेंबरात इंदूरला येतोय. तिथल्या वाचनालयातून लांडगा आणि कोयोटच्या गोष्टींचं पुस्तक त्यानं आणलंय, पण आत्ता फोनवर सांगायला तयार नाही. म्हणतो, आजी, थंडी पडू दे.