मदत हवी आहे: घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला छोटा ट्यूब अॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अॅम्प्लिफायर) कुठला घ्यावा?

मंडळी, मला जुन्या ब्लूज रेकॉर्डवर ऐकू येतो तसा टोन हवाय, म्हणजे हळू वाजवलं की स्वच्छ आणि जरा जोर लावला की आपोआप फाटायला लागतो तो. पेडलने (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीने) तसं होत नाही, निदान माझ्या कानाला तरी नाही पटत. १९५० च्या दशकातला फेंडर कंपनीचा चॅम्प अॅम्प हाच आदर्श डोक्यात आहे, एक १२एएक्स७ ट्यूब, एक ६व्ही६ ट्यूब, आठ इंची स्पीकर, पाचेक वॅट आणि बटण एकच, व्हॉल्यूमचं. खरा जुना तर आवाक्यातलाच नाही.

आता अडचण अशी की राहतो फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे, आणि पाच वॅट ऐकायला कमी वाटले तरी ट्यूबचा आवाज फाटेपर्यंत व्हॉल्यूम चढवला की सगळी बिल्डिंग ऐकते. म्हणून बुगेरा व्ही५ हा छोटा ट्यूब अॅम्प बघतोय, त्यात पाचवरून एक आणि ०.१ वॅटवर आणायची सोय आहे, पण त्यात ६व्ही६ऐवजी इएल८४ ट्यूब आहे, म्हणजे आवाज व्हॉक्सच्या (ब्रिटिश कंपनीच्या अॅम्पच्या) बाजूला झुकणार ना? ६व्ही६चा तो गोलसर, उबदार आवाज त्यातून निघेल का, की स्पीकर बदलल्यावर फरक पडतो?

दुसरं, एकजण अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा सेकंडहँड अॅम्प देतोय, स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लावून रोज वापरणं ठीक आहे का? आणि पुण्यात ट्यूब अॅम्पचं काम नीट करणारं कोणी आहे का? बजेट पंचवीस हजार, फारतर तीस.