सासूबाईंना दिसणारी मुले

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर): सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. कामवाल्या मावशींनी पाटल्या चोरल्या, असे त्या ठामपणे सांगतात आणि पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या तरी त्यांचा संशय जात नाही. गेल्या आठवड्यापासून तिन्हीसांजेला त्यांना सोफ्यावर लहान मुले बसलेली दिसतात. मनोविकाराची गोळी सुरू करावी का?

उत्तर १: चोरीचा संशय अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, अनेकदा दिसतो, वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, मग ती कोणीतरी नेली असणार असे मन ठरवून टाकते. पुरावे दाखवून वाद घालू नका. मावशींना मात्र आजाराची कल्पना अवश्य द्या, कारण त्या बिचाऱ्यांची नाहक बदनामी होते.

उत्तर २: बदल अचानक झाला असल्यामुळे आधी लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, नवी औषधे आणि आपल्याकडच्या उन्हात शरीरातील पाणी कमी होणे, या गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मोतीबिंदू आणि खोलीतील अंधूक उजेडही पाहा.

उत्तर ३: गोळीची घाई नको. मुले स्पष्ट दिसत असतील आणि चालण्यात ताठरपणा असेल, तर स्मृतिभ्रंशाच्या ल्युई बॉडी नावाच्या प्रकाराची शक्यता असते. त्यात हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकाराची औषधे गंभीर अपाय करू शकतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या पिढीच्या औषधांबाबत २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबाबत २००८ मध्ये दिला होता. सासूबाई त्या मुलांना घाबरत नसतील, तर बहुधा औषधाची गरजच नाही. तरीही मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा.