हॅम रेडिओच्या ८० मीटर बँडसाठी उभा अँटेना: माडावर इन्व्हर्टेड-एल (उलट्या L आकाराची तार)?

माडावरचा_हॅम:
मंडळी, देवगडला घरामागे माड आहे, दोर १२ मीटरवर अडकवता येतो. ३.६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे जवळपास २० मीटर. एवढा खांब आई परसात उभारू देणार नाही. म्हणून परवा १२ मीटर तार उभी आणि ८ मीटर आडवी, कलमाकडे ओढली. जमिनीवर ४ रेडियल (अँटेनाच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा). एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे अगदी जुळलेला) चक्क १.१! पण कोणी ऐकतच नाही हो. खाली सगळा जांभा आहे, त्याचं काही असेल का?

जुना_रेडिओवाला:
१.१ बघून हुरळून जाऊ नकोस. अशा अँटेनाचा स्वतःचा विकिरण रोध (ज्यातली पॉवर खरोखर लहरी होऊन बाहेर जाते) साधारण २५ ओहम. रेडिओला ५० ओहम हवे असतात आणि १.१ म्हणजे मीटरला जवळपास ५०च दिसतायत, म्हणजे उरलेले २५ जमिनीचे. निम्मी पॉवर जांभा तापवतेय! रेडियल वाढव. जमिनीचे ओहम कमी होऊन एसडब्ल्यूआर बिघडत गेला तर समज, काम नीट चाललंय.

सायंकाळचा_नेट:
बोलायचं कोणाशी? पुण्या-कोल्हापुराशी असेल तर उभा अँटेना नकोच. बुटका डायपोल (मधून जोडलेली, जमिनीपासून कमी उंचीवरची आडवी तार) बरा, सिग्नल वर जाऊन जवळच उतरतो.

माडावरचा_हॅम:
नाही, लांबचंच हवंय. काल १६ रेडियल केले, १० मीटरचे, जुन्या मोटारीच्या वायंडिंगमधून. एसडब्ल्यूआर १.५ झाला आणि पहाटे पहिल्यांदा उत्तर आलं. आता झावळ्या तारेला घासतायत, तिथे काय करता तुम्ही?

जुना_रेडिओवाला:
आडवी फांदी बांधून तार खोडापासून हातभर लांब धर. आणि वळवाआधी फीडर (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) काढून ठेव रे बाबा.