अंजिराच्या कुंड्यांना संग्राहक किती पैसे देतात? उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

गच्चीवरची:
नमस्कार, घाईत लिहितेय. बाबांच्या अंजिराच्या ३८ कुंड्या आहेत, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय आणि नव्या जागेत एवढ्या कुंड्या मावणार नाहीत. काल एक गृहस्थ येऊन बघून गेले, ते अंजिराच्या जाती जमवतात म्हणे, त्यांनी सगळ्या मिळून एक आकडा सांगितला आणि उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले. मला यातलं ओ की ठो कळत नाही. संग्राहक लोक एका अंजिराला साधारण किती देतात? आकडा बरा आहे की आम्ही फसतोय? प्लीज लवकर सांगा.

जुनंखोड:
आकडा किती? जाती कुठल्या? झाडं किती वर्षांची, फळ धरतात का, पानांवर पिवळे डाग आहेत का? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

गच्चीवरची:
आकडा इथे उघड लिहायला नको वाटतं. रोपवाटिकेत अंजिराचं साधं रोप ज्या भावाला मिळतं त्याच्या दीडपट एका कुंडीला पडतंय. जाती म्हणजे, सगळी अंजीरच आहेत. काळी फळं येतात, काहींना हिरवीच राहतात. काही झाडं माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहेत.

मृदगंध:
अंजिराच्या जातीतल्या झाडांना सध्या फार मागणी आहे ताई. माझ्याकडे फिडल लीफ आहे आणि रबर प्लांटची पांढऱ्या ठिपक्यांची जात आहे, मी त्याच्या एकेका फांदीची गुटी बांधून (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणून) देते, लोक हातोहात नेतात. तुमच्याही झाडांना गुटी बांधा, सहा आठवड्यांत मुळं येतात. वड, पिंपळ, उंबर सगळे एकाच घराण्यातले. उंबराचं बोन्साय तर सुंदर होतं, मी चार वर्षं करतेय.

जुनंखोड:
मृदगंध, फायकस, म्हणजे वड-उंबराचं हे घराणं, ८०० च्या आसपास जातींचं आहे, खायचं अंजीर त्यातलं एक. रबर प्लांटच्या भावाचा इथे काही संबंध नाही.

गच्चीवरची ताई, ३८ कुंड्या आणि सगळ्या वेगवेगळ्या असतील तर तुमचे बाबा स्वतःच संग्राहक होते हे आधी लक्षात घ्या. आयरा कॉन्डिट म्हणून अभ्यासक होते, त्यांनी १९५५ साली अंजिराच्या ७०० हून जास्त जातींची नोंद करून ठेवलीय, आणि त्यातली बरीच नावं एकाच झाडाची वेगवेगळ्या गावांत पडलेली नावं आहेत. त्यामुळे संग्राहक पैसे मोजतो तो झाडाला नाही, खात्रीच्या नावाला. नाव नसलेलं अंजीर कितीही गोड असो, त्याला साध्या रोपाचा भाव. तेच झाड नावानिशी, कुठून आलं त्या नोंदीसकट, दहापट वीसपटही जातं. अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावात लोकांनी दुर्मिळ जातीच्या एका छोट्या रोपाला शेकडो डॉलर मोजलेत. लेबलं आहेत का कुंड्यांवर?

एकच_काडी:
मी मोजलेत असे पैसे म्हणून सांगतो. ब्लॅक मदेरा या अंजिराच्या जातीची एक काडी, पेन्सिलीएवढी, तीन डोळे. घरात कोणाला आकडा सांगितला नव्हता. ओलसर कोको पीटमध्ये लावून रोज झाकण उघडून बघायचो, पाचव्या आठवड्यात मूळ दिसलं तेव्हा रात्री बायकोला उठवून दाखवलं. दोन वर्षं ती काडी फूटभराच्या वर गेली नाही, पानं वाकडी, पिवळे चट्टे, फिग मोझॅक नावाचा विषाणूरोग. तिसऱ्या वर्षी तीन फळं आली. आतून जॅमसारखी गडद लाल, तशी चव मी आजवर खाल्लेली नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण आज तेवढे देणारही नाही. तीच जात आता तेव्हाच्या दहाव्या हिश्शाला मिळते.

चिकट_बोटं:
एकच_काडी बरोबर बोलतायत आणि जुनंखोड ताईंना उगाच स्वप्नं दाखवतायत. अंजीर काडीवर लागतं. एका झाडाच्या छाटणीत वीस काड्या निघतात, त्यातल्या पंधरा लागतात, दोन वर्षांत त्या प्रत्येकाच्या पुन्हा वीस. जात दुर्मिळ राहते ती फक्त पहिली दोन-तीन वर्षं, नंतर भाव कोसळतोच. माझ्याकडे साठेक जाती आहेत, एकीलाही मी पैसे दिलेले नाहीत, अदलाबदल केली. ताई, दीडपट मिळतंय तर घ्या आणि मोकळ्या व्हा.

जुनंखोड:
अदलाबदल करायलाही आधी हातात काहीतरी लागतं, ते पहिलं झाड कोणीतरी विकतच घेतलेलं असतं. आणि मोठं कुंडीतलं झाड आणि काडी यांचा भाव एक नाही. दहा वर्षांचं झाड पहिल्या वर्षापासून काड्या देतं, घेणारा त्या काड्या विकून वर्षभरात पैसे वसूल करतो. तो गृहस्थ काही सगळी ३८ झाडं जवळ ठेवणार नाही.

पान_फूल_मूळ:
एक शंका, अंजिरात मेलेली माशी असते म्हणतात, मग जे लोक पूर्ण शाकाहारी आहेत त्यांना अंजीर चालतं का?

चिकट_बोटं:
बहुतेक घरगुती जाती परागीभवनाशिवायच पिकतात, त्यात माशीचा प्रश्नच नाही. स्मिर्ना गटातल्या जातींना ती छोटी माशी लागते. कॅलिफोर्नियात स्मिर्नाची झाडं १८८० च्या दशकात नेली, ती वाढली छान पण फळं टिकेनात. शेवटी १८९९ मध्ये नर अंजिरासकट माशी आणून वसवली तेव्हा पीक आलं. माशी आत अडकलीच तर फळातलं विकर तिचं बरंचसं पचवून टाकतं, कुरकुर लागते ती बियांची.

एकच_काडी:
हे ताईंच्याही कामाचं आहे. मला एकदा मोठ्या नावाचं रोप विकलं गेलं, फळं गोटीएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. दोन हंगाम मी खत-पाण्यालाच दोष देत बसलो. नंतर कळलं स्मिर्ना गटातलं होतं, आणि माशी आमच्याकडे नाहीच. म्हणून फळ घरच्या घरी पूर्ण पिकतं हे सांगता आलं तर त्याचे वेगळे पैसे मिळतात. ताई, तुमची पिकतात ना?

गच्चीवरची:
हो पिकतात, आम्ही सगळ्यांनी खाल्लीत. एक-दोन कुंड्यांतली गळतात, बाबा म्हणायचे ती वाट बघणारी आहेत, तेव्हा अर्थ कळला नव्हता.

लेबलं म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या आहेत तारेने अडकवलेल्या, पण त्यावर काही दिसत नाही, अक्षरं उडालीत. पानांवर चट्टे आहेत, सात-आठ झाडांवर. आणि ते गृहस्थ तसे घाईतच होते, फक्त कोपऱ्यातल्या एका कुंडीपाशी दोनदा गेले, फांदीवर अंगठा फिरवून बघितला आणि फोटो काढला. बाकीच्यांचे फोटो काढले नाहीत. म्हणून मला जरा खटकलं.

जुनंखोड:
हे तुम्ही आत्ता सांगताय! त्या कुंडीतल्या झाडाची कोवळी फांदी नीट बघा. हिरव्या सालीवर उभे पिवळे पट्टे आहेत का?

गच्चीवरची:
टॉर्च घेऊन बघून आले. आहेत. सगळ्या फांद्यांवर नाहीत, पण डाव्या बाजूच्या तीन फांद्यांवर स्पष्ट आहेत, जणू रंगाच्या ब्रशने ओढलेत. फळंपण पट्टेरी यायची, हिरवी-पिवळी, मुलं त्याला पायजमा अंजीर म्हणायची. मला वाटलं तो रोग आहे.

एकच_काडी:
रोग नाही हो! पनाशे तरी असेल नाहीतर कॉल दे दामा रिमादा, दोन्ही पट्टेरी जाती. पनाशे जुनी आणि बऱ्यापैकी पसरलेली, रिमादासाठी लोक अजून थांबून असतात. फोटोवरून ओळख पटवणं अवघड, पिकलेलं फळ कापून बघावं लागतं.

जुनंखोड:
पट्ट्या फेकू नका. पत्र्याची पट्टी म्हणजे बॉलपेनने दाबून लिहिलेलं असणार, शाई जाते पण खळगे राहतात. वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा.

मृदगंध:
त्या बिनपट्ट्याच्या फांद्यांना गुटी बांधता येईल.

चिकट_बोटं:
बिनपट्ट्याच्या नकोत, उलट सांगताय तुम्ही. पट्टे हा झाडाच्या ऊतींतला मिश्र प्रकार असतो, जी फांदी साधी हिरवी झाली तिच्या काडीतून साधंच झाड येतं. आणि ती फांदी जास्त जोमाने वाढून पट्टेवालीला मागे टाकते, ती वेळेत छाटायला हवी होती. काड्या घ्यायच्या त्या तीन फांद्यांच्याच.

गच्चीवरची:
घासून बघितलं. रडू आलं म्हणून थोडा वेळ गेला. बाबांचं अक्षर जसंच्या तसं उठलं, त्यांचा तो लांब शेपटीचा र. बत्तीस पट्ट्या वाचता आल्या. कोपऱ्यातल्या कुंडीवर लिहिलंय "कॉ. दा. रि., काडी, २०१५" आणि खाली "४ पैकी १ लागली". बाकी बऱ्याच ठिकाणी ब्रा. ट., सेले., व्हा. बो. असं आहे. एकावर नुसतं "गोड".

एकच_काडी:
चारपैकी एकच लागली आणि त्यांनी तेही लिहून ठेवलं.

जुनंखोड:
कॉ. दा. रि. म्हणजे कॉल दे दामा रिमादा, पट्टे बघता दुसरं काही नसावं. ब्राऊन टर्की, सेलेस्ट, व्हायोलेट द बोर्दो या सगळीकडे मिळणाऱ्या, त्यांना दीडपट ठीक आहे, मोठी झाडं म्हणून दुप्पट मागा. पण ही एक कुंडी त्या ३८ मधून बाजूला काढा. हिचा भाव बाकी सगळ्या कुंड्यांच्या बेरजेच्या जवळ जाऊ शकतो, आणि त्या गृहस्थांना ते काल अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं. पट्टी, २०१५ ची नोंद, फळाचे फोटो असतील तर तेही जपा, घेणाऱ्याला ते झाडाइतकेच हवे असतात. मोझॅक लपवू नका. तो बहुतेक संग्रहांत असतो, बारीक कोळी किडींमधून आणि काड्यांमधून पसरतो, फवारून जात नाही, पण सांगून विकलं तर कोणी भांडत नाही.

चिकट_बोटं:
ही कुंडी वेगळी काढा हे मला मान्य, भावाबद्दल मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, तीन वर्षांनी रिमादाही स्वस्त होणार. पण ताई, विकायची तरी का? एक कुंडी कुठेही मावते. बाकी सदतीस द्या, ही ठेवा. पानं गळून झाड झोपलं की पट्टेवाल्या काड्या काढा, एकच_काडी आणि जुनंखोड दोघेही रांगेत उभे राहतील.

एकच_काडी:
मी आत्ताच उभा आहे.

गच्चीवरची:
फोन केला त्यांना. म्हटलं कोपऱ्यातली कुंडी देणार नाही, बाकीच्या त्याच भावाने घ्या. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले तिच्यासाठी एकटीचे वेगळे देतो, आणि जो आकडा बोलले तो काल सगळ्यांना मिळून सांगितला होता त्याच्या अर्ध्याहून जास्त होता. मी नाही म्हटलं. बाकीची घेतायत, परवा टेम्पो घेऊन येणार आहेत. "गोड" लिहिलेलीपण ठेवतेय, नाव नसलेल्याला साध्या रोपाचाच भाव असं जुनंखोड म्हणाले तरी.

आता हे सांगा, ती कुंडी १८ इंची आहे, झाड माझ्या डोक्याच्या वर, जिना अरुंद आणि दोन मजले उतरवायचीय. फांद्या छाटल्या तर चालेल का?

जुनंखोड:
आत्ता पानांवर आहे, जोराची छाटणी नको. दोन दिवस पाणी बंद, माती हलकी होते. फांद्या जुन्या साडीने खालून वर गुंडाळत खोडाकडे ओढून बांधा, सुतळी नको, साल कापते. पट्टेवाल्या तीन फांद्या आतल्या बाजूला येतील असं बघा. कुंडी जड चादरीवर ठेवून दोघांनी चादरीची टोकं धरून पायरी-पायरी उतरवा, खोड धरून उचलू नका.

चिकट_बोटं:
आणि पूर्ण बाह्यांचं घाला. फांदी मोडली तर चीक लागतो आणि त्यावर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. लागलाच तर लगेच साबणाने धुवा, सावलीत राहा.

मृदगंध:
मोडलेली फांदी टाकू नका, मी सांगते कशी लावायची.