उज्जैन रस्त्याचा आडवा वारा आणि ६० मिमीची कार्बन चाकं: घ्यावीत की नाही?

लोकमान्यनगरी (धागाकर्ता)

आमच्या रविवारच्या सायकलिंग ग्रुपमधल्या एका पोराला डीप कार्बन चाकं घ्यायची आहेत, म्हणजे हवा कापायला रिम टायरपासून आत खोल केलेली. पुढे-मागे दोन्ही रिम ६० मिमी खोल. बजेट आहे, पायात जोर आहे, वजन ६२ किलो. मी त्याला सांगितलं, मागे ६० काय, ८० लाव. पुढे ४५च्या वर जाऊ नकोस. इंदूरात राहून उज्जैन रस्त्यावर चालवणार असशील तर नाहीच नाही. त्यावरून व्हॉट्सॲपवर एवढी हमरीतुमरी झाली की ॲडमिननं ‘इथे फक्त राइडची वेळ टाका’ असा दम भरला. म्हणून इथे आलो.

इंदूरहून उज्जैन जवळजवळ सरळ उत्तरेला. मे-जूनमध्ये माळव्यात वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. म्हणजे शहर सुटलं की सांवेरपर्यंत वारा डाव्या बरगडीवर. गहू निघालेला, शेतं उघडी, अडवायला काही नाही. परतताना तोच उजव्या बरगडीवर. देवासला जाताना निदान पाठीला थोडा मिळतो, इथे जाता-येता नुसता ढकलतो. माळव्यात एवढा वारा असतो का, अशी शंका असेल त्यानं देवासजवळच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या बघून याव्यात.

मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसलेलं. त्याला झोत लागला तर सगळी सायकल थोडी सरकते, बास. पुढचं चाक हँडलबरोबर फिरतं, त्याला लागलेला झोत थेट मनगटात येतो. म्हणून पुढे आवरतं घ्या. एन्व्हीसारखी कंपनी वर्षानुवर्षं पुढची रिम कमी खोल, मागची जास्त खोल अशा जोड्या विकते आहे, ती उगाच नाही.

रामबागचा भिया

असहमत. म्हणजे अर्धा असहमत. भिया, तू खोलीवर अडकून बसलायस, आकाराबद्दल अवाक्षर नाही.

जुन्या डीप रिम आतल्या बाजूला टोकदार असायच्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. आता चाकाकडे नीट बघ. चाकाच्या पुढच्या अर्ध्यात वाऱ्याला आधी टायर भेटतो, मग रिम. मागच्या अर्ध्यात उलटं: आधी रिमची आतली कड, मग टायर. तिथे टोकदार कड असली आणि वारा तिरका आला की हवा रिमपासून एकदम सुटते. धक्क्याचा बिंदू उडी मारतो आणि हँडलला हिसका बसतो. आपण ज्याला ‘वाऱ्यानं फेकलं’ म्हणतो तो बहुतेक वेळा हा हिसका असतो. वाऱ्याचा एकसारखा रेटा असेल तर अंग आपोआप कलतं, कळतही नाही. आतली कड गोलसर, फुगीर केली की हवा जास्त वेळ चिकटून राहते आणि सुटली तरी हळूहळू सुटते. हेड आणि झिप या चाकांच्या कंपन्यांनी सगळी मेहनत घेतली ती इथेच.

त्यामुळे आजची गोल कडेची ५५ मिमी रिम जुन्या टोकदार ४५ पेक्षा हातात शांत असू शकते. रोव्हाल कंपनीची रॅपिड सीएलएक्स टू ही चाकं बघ. पुढची रिम ३५ मिमी रुंद, मागची ३० च्या आसपास. पुढची मुद्दाम रुंद केली, झोत सोसायला. पोराला आकडा नको विचारू, रिमचा आडवा छेद कसा आहे ते विचार.

लोकमान्यनगरी

त्याच रॅपिडची खोली पण सांग की. पुढे ५१, मागे ६०. म्हणजे आकार सुधारूनही पुढची कमीच ठेवली ना त्यांनी? माझंच म्हणणं झालं.

रामबागचा भिया

तू ४५ म्हणाला होतास. ते ५१ म्हणतात. सहा मिलिमीटर तुझ्या खात्यात का जमा करू?

हिशेबनीस

दोघेही वाऱ्याबद्दल बोलताय आणि पोराच्या वेगाबद्दल कोणी बोलत नाही.

कंपन्या चाकं साधारण ताशी ४५ किमीला तपासतात आणि ‘इतके वॉट वाचले’ म्हणून छापतात. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. तुम्ही २८-३० नं चालवत असाल तर त्या छापील बचतीचा तिसरा हिस्सासुद्धा हाती येत नाही. खुशाल गणित करून बघा.

आता कोन. मोबाइलवर वारा ताशी २० किमी दिसतो. वेधशाळा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजते. उघड्या शेतावर हँडलच्या उंचीला त्याचा साधारण ६० टक्के उरतो, म्हणजे १२ धरा. हा १२ किमीचा वारा बरोबर आडवा असेल तर ताशी ४२ नं जाणाऱ्याच्या चाकाला हवा १६ अंशांतून लागते. २८ नं जाणाऱ्याला २३ अंशांतून. डीप रिमचा खरा फायदा, ज्याला लोक शिडाचा परिणाम म्हणतात (तिरका वारा शिडासारखा थोडा पुढे ढकलतो), तो साधारण १५ अंशांच्या आसपास संपत येतो. त्यापुढे हवा सुटते आणि भियाचा तो हिसका सुरू होतो.

म्हणजे हळू चालवणाऱ्याला फायदा कमी आणि त्रास जास्त. दुकानात याच्या बरोबर उलटं ऐकायला मिळतं.

सांवेर_एक्सप्रेस

ताशी २८ वाल्यांनी पोहे खाऊन घरी झोपावं. 😄 डीप चाकांचा आवाजच असा येतो की पाय आपोआप पळतात. त्या आवाजाचे वॉट कुठल्या तक्त्यात आहेत, हिशेबनीस साहेब?

चाळीस_मिमी_बस

सगळे दादालोक बोलून झाले असतील तर माझं ऐका. माझं वजन ४९ किलो. वारा सायकलला ढकलताना वजन विचारत नाही, चाक तेवढंच, त्यावरचा जोर तेवढाच. पण तो जोर सांभाळायला तुमच्याकडे ७५ किलो आहेत, माझ्याकडे नाहीत. त्यामुळे ‘मला ५० मिमी काहीच वाटत नाही’ हे तुमचं वाक्य माझ्या उपयोगाचं नाही.

मी मैत्रिणीची ५० मिमीची जोडी लावून देवासला गेले होते. मोकळ्या रस्त्यावर मजा आली, खोटं कशाला बोलू. गडबड झाली ती शिप्राच्या पुलावर. पुलाच्या आधी रस्त्याकडेला झाडं आणि ढाबे असतात, वारा अडलेला असतो. आपण नकळत सरळ होऊन चालवत असतो. झाडं संपतात, नदीचं पात्र उघडतं आणि वारा एकदम येतो. त्याच क्षणी उजवीकडून ट्रेलर गेला. ट्रेलरचं तोंड बरोबरीला येताना तो बाहेर ढकलतो, मग त्याच्या अंगाची सावली वारा तोडते, आणि शेपूट पुढे गेलं की आत ओढून घेतो. दोन सेकंदांत तीन दिशा. हँडल घट्ट धरलं तर आणखीच वाईट, कारण खांद्याचा ताण चाकात उतरतो. कोपर सैल सोडलं, हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर नेले आणि पायडल मारणं थांबवलं नाही, तेव्हा ओळ पकडता आली.

हिशेबनीसकाका, तुमच्या गणितात वारा एकसारखा आहे. आमच्या रस्त्यावर तो तुकड्यातुकड्यांत येतो. मी पुढे ३५ ठेवते. मागे ४५.

हिशेबनीस

मान्य, ताई. फक्त ‘काका’ अमान्य.

एक भर घालतो. आडवा रेटा नुसत्या वाऱ्यावर ठरत नाही, तुमच्या वेगाबरोबरही वाढतो. तोच १२ किमीचा आडवा वारा असताना ३० वरून ६० वर गेलात तर हवा सुटेपर्यंत रेटा जवळपास दुप्पट होतो. उतारावर चाक अचानक जास्त नाचरं वाटतं ते यामुळे.

घाटवेडा

बरं झालं उताराचं काढलंत. उज्जैन रस्ता सपाट आहे, तिथे फार तर कडेच्या मातीत उतराल. खरी परीक्षा खंडवा रस्त्याला, सिमरोलच्या पुढे भेरूघाटात. वळणावर डोंगराची आड असते, वळण संपलं की दरीकडून झोत. वेग ५५-६०.

आणि हे नवशिक्यांपुरतं नाही. १२ जून २०१९, फ्रान्समधली क्रिटेरियम द्यू दोफिने शर्यत, टाइम ट्रायलच्या (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायच्या टप्प्याच्या) आधीची पाहणी. ख्रिस फ्रूमनं नाक शिंकरायला एक हात सोडला, झोत आला, ताशी पन्नासच्या वर वेग, थेट भिंतीवर. मांडी, कोपर, बरगड्या. चार टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. २०१५ ला बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत वाऱ्यानं गेरेंट थॉमस रस्त्याबाहेर खंदकात गेला, आणि उठून शर्यतीत तिसरा आला. हे लोक आपल्यापेक्षा बरं चालवतात असं माझं नम्र मत आहे.

पोराची सायकल रिम ब्रेकची असेल तर विषयच संपला. कार्बन रिमवर सतत ब्रेक दाबून घाट उतरणं म्हणजे रिम तापवणं. आधी ते विचारा, खोली नंतर.

रामबागचा भिया

फ्रूम टाइम ट्रायलच्या सायकलवर होता आणि एक हात हवेत होता. त्याचा दोष चाकाच्या खोलीवर ढकलणं बरोबर नाही. वेवेलगेमला तर त्या दिवशी कुठल्याही चाकावर माणसं पडली असती. सगळ्याच अपघातांचं बिल डीप रिमवर फाडू नका.

पण एक मुद्दा कोणीच काढला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: टायर. झिपमध्ये काम केलेल्या जॉश पोर्टनरचा १०५ टक्क्यांचा नियम आहे. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीच्या निदान १०५ टक्के हवी, तरच हवा टायरवरून रिमवर नीट चढते. लोक २८ चा टायर घेतात आणि २८ × १.०५ म्हणजे २९.४ असा हिशेब मांडतात. टायरवर काय छापलंय याला अर्थ नाही. आतून २५ मिमी रुंद रिमवर २८ चा टायर हवा भरल्यावर ३० भरतो. व्हर्निअर लावून बघा. मग रिम ३१.५ हवी. स्वस्तातली बरीच डीप चाकं बाहेरून २८ असतात. त्यावर २८ चा टायर म्हणजे रिमच्या बाहेर आलेलं पोट. ६० मिमीचे पैसे मोजायचे आणि फायदा वाऱ्यावर सोडायचा.

आणि रिम हुकलेस (टायर पकडणारी आतली कड नसलेली) असेल तर टायरमध्ये ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. आपल्याकडे पंपवाला १०० भरून मोकळा होतो.

जुनी_ॲल्युमिनियम

मी या सगळ्याच्या विरोधात, सरसकट. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, करणाऱ्यांना २०० किमीला साडेतेरा तास मिळतात. ताशी १५ ची सरासरी, त्यात चहा, कचोरी, पंक्चर सगळं बसतं. त्याला ६० मिमी कशाला? लाखाच्या घरातली चाकं घेऊन पहाटे पाचला निघायचं, कारण नऊ-दहानंतर ऊन तापून वारा सुटतो. म्हणजे वाऱ्यात न चालवण्यासाठी वाऱ्याची चाकं! चांगले टायर घ्या, दोन बिब शॉर्ट्स घ्या, उरलेल्या पैशात बायकोला विमानानं कुठेतरी घेऊन जा.

सांवेर_एक्सप्रेस

काका, बायको म्हणाली चाकंच घे. 😄

चाळीस_मिमी_बस

धागाकर्त्यांना एक. ‘मागे ६० काय, ८० लाव’ हे जरा जास्त झालं. हवाईला कोना इथे आयर्नमन ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेत मागचं डिस्क चाकसुद्धा (थाळीसारखं सलग बंद) वाऱ्यामुळे वर्षानुवर्षं चालत नसे. मागचं चाक हँडल ओढत नाही हे खरं, पण सगळी सायकल तर सरकवतं, आणि शेजारी ट्रेलर असेल तर सरकणंही नको. शर्यतीचं म्हणाल तर यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं २०२६ पासून रोड रेसला रिमची कमाल उंची ६५ मिमी ठरवली आहे.

लोकमान्यनगरी

८० मागे घेतो. बोलण्याच्या भरात गेलं. ४५ मागे घेत नाही.

६२_किलो

ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो पोरगा मीच. सगळं वाचलं. सायकल डिस्क ब्रेकची आहे, सपाटीवर ३३-३४ नं चालवतो, घाटात महिन्यातून एखाद्या वेळी. पुढे ४५-५०, मागे ६०, दोन्ही रुंद, आतली कड गोल, इथपर्यंत मन आलंय. अडचण अशी की माझ्या बजेटात विकणारे जोडी फोडत नाहीत. एक तर दोन्ही ६०, नाहीतर दोन्ही ४५. एका मित्रालाही घ्यायची आहेत. म्हणजे एक ४५ ची जोडी, एक ६० ची जोडी, आणि पुढची चाकं अदलाबदल करायची.

हिशेबनीस

मग मित्राला पुढे ६० आणि मागे ४५ येईल. त्याला हे सांगितलंस का?

६२_किलो

अजून नाही.

चाळीस_मिमी_बस

मित्राला कशाला फसवतोस? ती जोडी रामबागच्या भियांना दे. त्यांना खोलीचा त्रास होत नाही, फक्त आकाराचा होतो.

रामबागचा भिया

आधी व्हर्निअर लावून रुंदी कळव. ३१ च्या वर असेल तर घेतो. पण मग जूनमध्ये उज्जैनला जाताना धागाकर्ते माझ्या मागे. पुढे कोण राहतं ते सांवेरला ठरवू.

लोकमान्यनगरी

मागे कशाला? वारा डावीकडून आहे, मी तुझ्या उजवीकडे आडोशाला राहीन. फक्त झोत आला की माझ्या अंगावर येऊ नकोस.